सलमीनाबाईंच्या निरोपातलं तीस

माझं आडनाव उद्गारचिन्हाने सुरू होतं. त्यामुळे मी तोंड उघडायच्या आधीच समोरचा माणूस थक्क झालेला असतो, असा माझा अनुभव आहे. एरास्टस !गाओसेब, खासगी गुप्तहेर. उसाकोस गावातला पहिला, एकमेव आणि माझी बायको ऑटिली म्हणते त्याप्रमाणे शेवटचा. नजर घारीची, कान सशाचे, बुद्धी तर अशी की कधी कधी मलाच तिची भीती वाटते. नाकाबद्दल बोलत नाही. विषुववृत्ताच्या या दक्षिण बाजूला थंडी ऑगस्टमध्ये असते, आणि तेव्हा ते बंद असतं.

माझ्या आडनावातलं चिन्ह शोभेचं नाही. आमच्या दमारा लोकांच्या भाषेत ते अक्षर आहे. जीभ टाळूला चिकटवून फटकन सोडली की बाटलीचं बूच उडाल्यासारखा 'टॉक्' आवाज होतो, तो या चिन्हाने लिहितात. हळहळताना आपण 'च्च' करतो त्याला एक तिरकी रेघ. बैल हाकताना गालातून काढतात तसल्या आवाजाला दोन. हे आवाज आम्हाला आईच्या दुधाबरोबर येतात. मशीनला आई नसते. या प्रकरणातला सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

माझं कार्यालय ऑटिलीच्या सलूनच्या मागच्या भागात, फुलाफुलांच्या पडद्याआड आहे. गुन्हेगारी मंद असेल तेव्हा मी मोबाइल दुरुस्त करतो. उसाकोसमध्ये गुन्हेगारी बारा महिने मंद असते.

त्या सोमवारी पडदा सारून ओबेदकाका आत आले. ओबेद /उइराब, आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. सत्तरी ओलांडलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पंधरा वर्षांपासून डोळ्यांपुढे पूर्ण अंधार. खांद्याला अ‍ॅकॉर्डियन. ते वाजवायला लागले की खाटेवरचे म्हातारेसुद्धा पाय हलवतात. फोन ते स्वतः वापरत. त्यातली एक बाई त्यांना सगळं वाचून दाखवायची. बाई गोड गळ्याची होती, पण इंग्रजी वळणाची; आमच्या भाषेचं तिला काहीही शिकवलेलं नव्हतं. ती बापडी दिसेल ते चिन्ह नावाने वाचायची. महिन्यापूर्वी तालमीच्या ऐन मध्यात ती खणखणीत आवाजात म्हणाली होती, "तिरकी रेघ उइराब, तुम्हाला एक निरोप आहे." त्या दिवसापासून मुलं काकांना पाठीमागे 'तिरकीरेघ मास्तर' म्हणू लागली. काका फोन घेऊन माझ्याकडे आले आणि मी एका बटणात बाईची खोड मोडली. चिन्हं वाचणं बंद. माझ्या कारकिर्दीतली ती सर्वांत सुबक दुरुस्ती होती.

"एरास्टस, मामला नाजूक आहे," काका खुर्ची चाचपत म्हणाले. "कुणाच्या कानावर जाता कामा नये."

"काका, हा पडदा म्हणजे भिंत समजा."

"मी सलमीनाला लग्नाचं विचारलंय."

नेमकं त्याच क्षणी पलीकडचं हेअर ड्रायर बंद पडलं. सलूनमध्ये चार बायका होत्या. शांतता इतकी पसरली की एकीच्या डोक्यातला चाप खाली पडलेला मी ऐकला.

सलमीना //होएबेस म्हणजे ओकोम्बाहे गावच्या विधवा बाई. पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, आता गावाबाहेरच्या गोठ्यावर एकट्या राहून बकऱ्या सांभाळत. काकांची न् त्यांची ओळख गाण्याच्या मेळाव्यातली. काकांनी आपला प्रश्न आवाजात बोलून पाठवला होता. बाईंच्या बाजूला नेटवर्क नाही. टेकडीवर चढलं तर आलेला आवाज ऐकता येतो, पण उलट जातात ती कशीबशी अक्षरंच. म्हणून उत्तर अक्षरांत आलं होतं.

"ऐक," म्हणत काकांनी फोनवर बोट फिरवलं.

फोनमधली बाई म्हणाली, "सलमीनाकडून. ओबेद. गेम. पंधरा अष्टमांश. दहा पूर्णांक तीन शून्य. मोठ्याने रडणारा चेहरा. तीस."

मी डोळे मिटले. विचार करताना मी डोळे मिटतो. ऑटिली म्हणते की घोरतोसुद्धा, पण तो विचारांचा आवाज असतो.

"हो म्हणाली की नाही म्हणाली, एवढंच मला कळायला हवं," काका म्हणाले. त्यांचे हात अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्याशी चाळा करत होते. माणूस घाबरलेला होता.

ऑटिलीने पडद्यातून डोकं आत घातलं. हातात कंगवा. "काका, आणा तो फोन इकडे. मी वाचते. मिटला प्रश्न."

काकांनी फोन छातीशी धरला. "वाचायचा नाही. त्याच्यावर आधीचेही निरोप आहेत. तू ते वाचलेस तर रविवारी मी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"मग स्क्रीन उजळून मला फक्त शेवटचा दाखवा."

"स्क्रीन मी काळीच ठेवतो. मला उजेडाचा काय उपयोग? बॅटरी तरी वाचते."

"मग मावशींनाच विचारा ना."

काकांनी फोन शर्टाच्या खिशात टाकला. "तिने मला विचारलं होतं, ओबेद, तुझं तू सगळं बघशील ना, का मला तुझे डोळे व्हावं लागेल? मी सांगितलं, माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो, मी कुणावर अवलंबून नाही. आता कुठल्या तोंडाने विचारू की बाई गं, तू लिहिलंस काय?"

ऑटिली 'च्च' करून गेली.

"काका, निर्धास्त राहा," मी म्हणालो. "ऐकून उलगडा करणारा माणूस या देशात एकच आहे."

"तो कुठे भेटेल?" काकांनी विचारलं.

पहिला सिद्धांत मी तिथल्या तिथे मांडला. गेम. माणसाचा गेम करणे म्हणजे त्याला उडवणे, हे कुठल्याही गुप्तहेराला ठाऊक असतं. रडणारा चेहरा म्हणजे मागे उरलेले नातेवाईक. तीस म्हणजे गोळ्या.

"काका, तुमच्यावर कुणाचा राग आहे?"

"वरच्या पट्टीत गाणाऱ्या सगळ्यांचा."

"त्यांच्यापैकी कुणाकडे बंदूक आहे?"

"त्यांच्याकडे बंदूक असती तर मी केव्हाच गेलो असतो."

हा सिद्धांत मला जड मनाने सोडावा लागला. त्या रात्री जेवताना ऑटिली म्हणाली, "पंधरा अष्टमांश म्हणजे एखादी तारीख तर नसेल?"

मी दयेने हसलो. "ऑटिली, ते मला पहिल्या सेकंदाला सुचलं होतं. म्हणूनच मी ते बाजूला ठेवलं. जी गोष्ट पटकन सुचते ती खरी असती, तर लोकांनी गुप्तहेर कशाला ठेवले असते?"

"कुणी ठेवलेत?" ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

दुसरा सिद्धांत जास्त खोल होता. इंग्रजीत शिकारीच्या जनावरांनाही गेम म्हणतात, म्हणजे हे शिकारीचं रान. आमच्याकडे हरणांची, कुडूंची मोठमोठी रानं आहेत आणि रस्त्यावर तशा पाट्याही आहेत. दहा पूर्णांक तीन शून्य म्हणजे उघडच किलोमीटर. बाई काकांना एका ठरावीक जागी बोलावत होत्या. पंधरा अष्टमांश म्हणजे पावणेदोनहून थोडं जास्त, म्हणजे दुपारची वेळ. सगळं कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. मी कारिबिबला जाणाऱ्या एका पिकअपच्या मागे मेंढ्यांमध्ये बसून निघालो आणि दहा पूर्णांक तीन किलोमीटरवर उतरलो.

तिथे एक काटेरी झाड होतं, त्याखाली रस्ता दुरुस्त करणारा माणूस फेटकुक, म्हणजे तळलेला पाव, खात बसला होता, आणि थोड्या अंतरावर एक रानडुक्कर त्याच्या फेटकुककडे बघत होतं.

"सलमीनाबाईंनी तुम्हाला इथे काही ठेवायला सांगितलं होतं का?" मी दबक्या आवाजात विचारलं.

तो घास चावून संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. "भाऊ, टोपी घालून फिरत जा," तो म्हणाला. "थंडीतलं ऊन कळत नाही, पण चढतं."

पावणेदोन वाजले. त्याहून थोडे जास्तही वाजले. कुणी आलं नाही. परत येणारी गाडी संध्याकाळी मिळाली. ऑटिलीने काहीही न विचारता माझ्या सोललेल्या नाकाला लोणी लावलं. तिच्या न विचारण्यात जे असतं ते मी इथे लिहीत नाही.

पण ऊन लागल्याचा फायदा झाला. तापात पडल्या पडल्या मला तिसरा आणि अंतिम सिद्धांत सुचला. गुरुवारी मी काकांच्या घरी गेलो. ते दारात बसून कोवळं ऊन खात अ‍ॅकॉर्डियनची पट्टी पुसत होते.

"काका, उलगडा झाला. त्या तयार आहेत."

काकांचे हात थांबले.

"पण अट आहे. गेम म्हणजे खेळ. खेळ म्हणजे डाव, डाव म्हणजे सौदा. बाई काय पाळतात? बकऱ्या. तीस म्हणजे तीस बकऱ्या. पंधरा अष्टमांश म्हणजे जवळजवळ दोन, म्हणजे तुम्ही दोघं जवळजवळ एक झालाच आहात, बकऱ्यांची तेवढी कसर आहे."

"आणि तो रडणारा चेहरा?"

"तो तुमचा."

"सलमीना अशी मागणी करेल असं वाटलं नव्हतं," काका म्हणाले. "पण एकटी बाई आहे. म्हातारपणाची सोय बघणारच. तिचं काय चुकलं?" त्यांनी बोटांवर हिशेब केला. "चुलतभावाकडे माझ्या पंचवीस आहेत. पाच कमी पडतात."

"पाच कुठून आणणार?"

काकांनी अ‍ॅकॉर्डियनवर तळहात ठेवला. "तो रुळांपलीकडचा गेर्सन वर्षानुवर्षं याच्या मागे लागलाय. पाच देईल."

मी गुप्तहेर असलो तरी माणूस आहे. "काका, त्याच्याशिवाय तुम्ही काय कराल?"

"गाईन," ते म्हणाले. "आवाज कुणी विकत मागितलेला नाही अजून."

घरी येऊन मी ऑटिलीला सांगितलं. ती कधी नव्हे ती माझ्यावर ओरडली नाही, हळू आवाजात बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. "एरास्टस, लग्न काही बाजार नाही, आणि काका सांगतात त्यावरून सलमीनामावशी तर मुळीच तशा वाटत नाहीत. काकांना थांबव. तुझं चुकलं असेल तर?"

"माझं चुकलं असतं तर मला कळलं नसतं का?" मी म्हणालो. पण झोप काही नीट लागली नाही.

शनिवार उजाडला. सकाळी मी पडद्याआड एका फोनचं पोट उघडून बसलो होतो. बाहेर सलूनचं दार वाजलं आणि एक अनोळखी बाईचा आवाज आला.

"पोरी, आधी गरम काहीतरी पाज. पहाटेपासून गाडीत कुडकुडतेय. आणि मग या केसांचं काहीतरी कर. साडेदहाला मला नवरीसारखं दिसायचंय."

"बसा मावशी," ऑटिली म्हणाली. "नवरीसारखं म्हणजे? कुणाचं लग्न?"

"माझंच. म्हणजे आज नुसतं पाद्र्यांना भेटून नाव द्यायचंय. तुमच्या इथले मास्तर आहेत ना, ओबेद, त्यांच्याशी."

पडद्याआड माझ्या हातातला स्क्रू फोनच्या पोटात पडला.

"मास्तर खूश असतील," ऑटिली अगदी सहज म्हणाली. ती केसांत कंगवा घालून असं सहज बोलते, की पोलीस ठाण्यात कुणी बोलणार नाही ते माणूस तिच्या खुर्चीत बोलून जातं.

"असतील की नाही कोण जाणे. मी निरोप पाठवून पाच दिवस झाले, उत्तर नाही. टेकडी चढून चढून माझे गुडघे गेले. म्हटलं आपण जाऊनच बघावं."

"काय लिहिलं होतंत, मावशी?"

"काय लिहिणार? थंडीत बोटं वळत नव्हती. लिहिलं, ओबेद, लग्न करू या. पंधरा तारीख, आठवा महिना, साडेदहा. पुढे ते हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड असतं ना, ते टाकलं. चष्मा नव्हता, पण बहुतेक तेच होतं. आणि शेवटी," इथे बाई जरा लाजल्या असाव्यात, "शेवटी तीन फुल्या. माझी भाची म्हणते हल्ली तीन एक्स लिहिले की तीन मुके समजतात."

ऑटिलीने कंगवा ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मग पडदा सर्रकन सरकला.

"तीन एक्स," ती म्हणाली. "रोमन आकड्यात किती होतात, गुप्तहेर?"

"तीस," मी म्हणालो.

"आणि लग्न या शब्दाच्या आधीचं टॉक् काढून टाकलं तर इंग्रजी बाई त्याला काय वाचेल?"

आमच्या भाषेत लग्न करणे याला '!गामे' म्हणतात. इंग्रजी लिपीत त्याची अक्षरं हुबेहूब 'गेम'ची.

"आणि ते टॉक् काढून कुणी टाकलं होतं?"

मी घड्याळ बघितलं. काका नऊ वाजता गेर्सनकडे जाणार होते आणि नऊ वाजून गेले होते. मी धावलो. मागून सलमीनाबाई विचारत होत्या, "हा कोण? आणि हा माझं लग्न ऐकत तिथे काय करत होता?"

गेर्सनचं घर रुळांपलीकडे. मी पोहोचलो तेव्हा उशीर झालेला होता. गल्लीभर बकऱ्या. काकांच्या चुलतभावाने पंचवीस हाकून आणल्या होत्या, त्यात गेर्सनच्या पाच मिसळल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांच्या खांद्यावर पट्टा नव्हता. इतकी वर्षं तो पट्टा बघायची सवय, माणूस एका बाजूने उघडा पडल्यासारखा दिसत होता. ओट्यावर गेर्सन अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यातून जो आवाज काढत होता त्याने बकऱ्यासुद्धा मागे सरकत होत्या.

"काका," मी धापा टाकत म्हणालो. "तीस नाही. तीन."

"तीन बकऱ्या?"

"बकऱ्याच नाहीत."

मी सगळं सांगितलं. बटणाचंही. काका ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "ती आलीय?"

"सलूनमध्ये आहे."

"आणि मी इथे बकऱ्यांचा वास मारत उभा आहे." त्यांनी गेर्सनच्या दिशेला तोंड केलं. "गेर्सन, तुझ्या पाच परत घे."

"व्यवहार तो व्यवहार, मास्तर," गेर्सन म्हणाला आणि भाता आणखी ताणला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "ते खोकं घरात राहिलं तर तू बकऱ्यांच्या खोपटात झोपायचंस. सकाळपासून डोकं उठवलंय." गेर्सनने थोडा वेळ दोन्ही बाजूंचा विचार केला. तो वीस वर्षं संसार केलेला माणूस होता. त्याने अ‍ॅकॉर्डियन उचलून काकांच्या खांद्याला अडकवलं.

तेवढ्यात ऑटिली आणि सलमीनाबाई गल्लीत शिरल्या. बाईंच्या डोक्याची एकच बाजू विंचरलेली होती. त्यांनी बकऱ्यांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ओबेद, हे काय?"

काकांनी पाठ ताठ केली. "तुझ्यासाठी."

"अरे, या जनावरांना कंटाळून मी गेल्या आठवड्यात माझ्या सगळ्या विकून टाकल्या. गावात येऊन सुखाने चार भिंतींत राहीन म्हटलं, तर तू गल्ली भरून ठेवलीस?"

"माझ्या फोनने मला..." काका थांबले. "सलमीना, मी खोटं बोललो. फोन सगळं नाही वाचत. तुझा निरोप मला कळलाच नाही. पाच दिवस मी लोकांना विचारत फिरतोय."

बाई बकऱ्यांना कोपराने बाजूला सारत त्यांच्यापर्यंत आल्या. "मग मला का नाही विचारलंस?"

"तू म्हणाली असतीस, याला तर माझे डोळे लागणार."

"माझेच कुठे धड आहेत? हसणारं तोंड म्हणून मी रडणारं पाठवलं, ही पोरगी आत्ता सांगत होती." त्यांनी काकांच्या कोटावरचे बकरीचे केस झटकले. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकच शब्द म्हटला. जीभ टाळूवरून सुटल्याचा तो आवाज इतका स्वच्छ होता की मला चार पावलांवरून ऐकू आला. कुठल्याही मशीनने तो तसा काढला नसता. काकांनी मान हलवली.

चर्चकडे जाताना मी ऑटिलीला समजावून सांगत होतो की तपासाची ही एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. सगळ्या चुकीच्या शक्यता एकेक करून दूर केल्या की खरी आपोआप उरते.

"त्या सगळ्या तूच आणल्या होत्यास," ती म्हणाली. "सोमवारी काकांच्या फोनची चिन्हं पुन्हा चालू कर. त्यांना तिरकीरेघ म्हटलेलं परवडेल."

"त्याहून चांगलं करता येतं. कुठलं चिन्ह आलं तर कुठला आवाज काढायचा, हे बाईला शिकवता येतं. मी स्वतः आवाज काढून भरणार आहे."

"तू नको," ऑटिली म्हणाली. "तुझं नाक बंद असतं. मावशी भरतील."

चर्चच्या पायऱ्यांवर पाद्री घड्याळ बघत उभे होते. साडेदहा होऊन बराच वेळ गेला होता. पुढे काका आणि सलमीनाबाई हातात हात घालून चालले होते, आणि आपल्याला कुणी ऐकत नाही अशी त्यांची समजूत होती.

"ते शेवटचे तीन होते, ओबेद," बाई म्हणत होत्या. "तीनच."

"माझ्या फोनने तीस सांगितले. मी तीसच्या हिशेबाने तयारी केलीय."

"हळू बोल. पाद्री बघताहेत."

"बघू देत," ओबेदकाका थांबत म्हणाले. "मला कुठे दिसतात?"